मृगाची सर पडली की अंगणातल्या दिव्यांनी आरसीसीबी पडते: दोष कुठे असतो आणि कसा शोधायचा

तक्रार दरवर्षी एकाच चालीची असते. उन्हाळाभर गेटचे, अंगणातले, परसातले दिवे बिनबोभाट चालतात. मृगाची पहिली दणकट सर येऊन जाते, संध्याकाळी अंगणाचं बटण दाबलं की खट्ट, आणि अख्खं घर अंधारात. आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, वर केली तर पाच मिनिटं राहते, पुन्हा पडते. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की दुपारनंतर सगळं सुरळीत. मग एखादा दिवा बदलला जातो, चार दिवस बरे जातात, पाऊस येतो आणि पुन्हा तेच. शेवटी कोणीतरी आरसीसीबी काढून वायर थेट जोडून देतं. गळती होती तिथेच राहते. ती कळवणारं यंत्र तेवढं निघून जातं आणि पुढची खबर ओल्या पायानं लोखंडी गेटला हात लावणाऱ्याला मिळते. हा उपाय कोणी सुचवला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

दिवा बदलून हा दोष जात नाही, कारण तो बहुतेक वेळा दिव्यात नसतोच. तो जोडात असतो, आणि जोड जमिनीत पुरलेला असतो. परभणी, नांदेड, हिंगोलीकडच्या खोल काळ्या जमिनीत तर हमखास.

आधी काय पडलंय ते बघा

एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी आलेला छोटा स्विच, पडली असेल तर शॉर्ट आहे किंवा लोड जास्त झालाय. आरसीसीबी पडली असेल तर गळती आहे. फेजनं जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलनं परत आला नाही, फरक वाटेत कुठेतरी जमिनीत गेला. घरगुती आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं, पण ती १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकते आणि तो तिचा दोष नव्हे. त्याच आरसीसीबीवर बोअरची मोटर, फ्रिज, इन्व्हर्टर असेल तर त्यांची थोडी थोडी गळती आधीच जमा असते. अंगणाच्या ओल्या जोडानं त्यात थोडीशी भर घातली की पुरते. म्हणून कधी दिव्यांनी पडते, कधी मोटर चालू केल्यावर पडते, आणि घरात दोष कुणाचा यावर वाद होतो.

पावसाशी काही संबंध नाही, बाराही महिने अंगणाचं बटण दाबलं की पडते, असं असेल तर जमीन खणू नका. तिथे न्यूट्रलची गल्लत असते: दिव्याला फेज एका सर्किटमधून घेतलेला आणि न्यूट्रल दुसऱ्यातून, किंवा फेज आरसीसीबीच्या पुढून आणि न्यूट्रल मागून. इन्व्हर्टर नंतर बसवलेल्या घरांत हे फार दिसतं. डीबी, म्हणजे हे सगळे स्विच असलेली पेटी, उघडून अंगणाचा न्यूट्रल कुठल्या पट्टीवर बसलाय ते बघितलं की दहा मिनिटांचं काम.

अंगणाची एमसीबी बंद, तरीही पडते

ही गोष्ट भल्याभल्या वायरमनला चकवते. अंगणाची एमसीबी खाली केली, दिवे बंद आहेत, तरी घरात मिक्सर किंवा गिझर लावला की आरसीसीबी पडते. लगेच मिक्सरवर ठपका येतो.

सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते. न्यूट्रल डीबीतल्या पट्टीशी जोडलेलाच राहतो. अंगणातल्या ओल्या जोडात न्यूट्रल आणि माती यांची गाठ पडली असेल तर मिक्सरचा परतीचा करंट दोन वाटांनी फुटतो: बराचसा न्यूट्रलनं, थोडा अंगणातल्या मातीतून. आरसीसीबीला फरक दिसतो आणि ती पडते.

ओळखायचं असं. मेन बंद करा. अंगणाच्या लाइनचे फेज आणि न्यूट्रल दोन्ही डीबीतून सोडवून टोकांना टेप लावा. मेन चालू करून घरातला सगळा लोड लावून बघा. आरसीसीबी टिकली तर दोष अंगणातच. पुढे त्या जागी फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारी डबल पोल एमसीबी बसवा, ६ अँपिअरची पुरते. त्याहून बरं म्हणजे अंगणासाठी स्वतंत्र ३० मिलिअँपिअरची डबल पोल आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच), आणि ती घराच्या आरसीसीबीच्या मागे नव्हे तर थेट मेनवरून. म्हणजे पाऊस कितीही पडो, अंधार अंगणात होईल, स्वयंपाकघरात नाही.

लाइन अर्धी अर्धी करत जा

शोधायची वेळ महत्त्वाची. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत. दुपारी वायरमनला बोलावलं तर जोड सुकलेला असतो, सगळं ठीक दिसतं आणि तो "दिवाच खराब होता" म्हणून निघून जातो. पाऊस चालू असताना मात्र कुठलाही बॉक्स उघडायचा नाही. प्रत्येक बॉक्स उघडण्याआधी मेन बंद आणि टेस्टरनं दोन्ही वायर तपासलेल्या हव्यात. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये घालून तो पेटतो याची खात्री करून.

५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन मोजणारं मीटर, हवा. साधा मल्टीमीटर ९ व्होल्टच्या बॅटरीवर मोजतो, त्याला अशी गळती पुष्कळदा दिसत नाही. लाइन डीबीतून सोडवा, दिवे आणि त्यांचे ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारे डबे) काढून घ्या, नाहीतर मेगरचे व्होल्ट त्यांनाच जाळतील किंवा आकडा चुकीचा येईल. फेज आणि न्यूट्रल एकत्र पिळा, त्यांच्यात आणि अर्थमध्ये मेगर लावा. १ मेगओहमच्या वर हवं. ओला जोड असेल तर आकडा काही हजार ओहमवर आलेला असतो. २३० व्होल्टला ३० मिलिअँपिअर गळायला साधारण साडेसात हजार ओहम पुरतात.

आता आठ दिव्यांची लाइन असेल तर चौथ्या दिव्याच्या बॉक्समध्ये पुढे जाणारी वायर सोडा. डीबीकडच्या अर्ध्या भागाला मेगर लावा. तो चांगला निघाला तर दोष पुढच्या अर्ध्यात. मग सहावा उघडा, मग सातवा. तीन बॉक्स उघडून दोन दिव्यांमधला तुकडा सापडतो. पहिल्यापासून एकेक उघडत बसलं तर सकाळ संपते आणि ऊन दोष लपवून टाकतं.

सापडतं ते काय

खणल्यावर बहुधा अर्धा इंची पांढरा किंवा राखाडी पाइप निघतो. कपलिंगमधून दोन-तीन बोटं निसटलेला. आत चिखलाचं पाणी. वायर ओढली की जोडाची गाठ येते: टेपचा गोंद उन्हानं वितळून काळ्या चिकट्यासारखा झालेला, टेप सुटून फिरकीसारखी लोंबतेय, खाली तांबं हिरवं पडलंय आणि हिरव्याच्या कडेनं पांढरी भुकटी. पुष्कळदा बॉक्समध्ये मुंग्यांनी अंड्यांसह संसार थाटलेला असतो.

हे का होतं ते काळ्या मातीला विचारावं. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेग पडताना माती पाइपला दोन बाजूंना ओढते, कपलिंग सुटतं, आतल्या वायरवर ताण येतो आणि तो ताण नेमका सगळ्यात कमजोर जागी, म्हणजे जोडावर बसतो. मृगाचं पहिलं पाणी त्याच भेगांतून थेट पाइपात उतरतं. पाइप उताराला असेल तर तो नालीसारखं काम करतो आणि सगळं पाणी खालच्या बॉक्समध्ये नेऊन सोडतो. खडकाळ, मुरमाड जागेवर हा त्रास पुष्कळ कमी असतो. छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या माळावर बांधलेली घरं आणि गोदाकाठची घरं यांत हा फरक लगेच कळतो.

दुसरी जागा म्हणजे खुद्द दिव्याचं तोंड. फ्लडलाइटवर, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे अजून हॅलोजनच म्हणतात त्यावर, आयपी ६५ लिहिलेलं असतं. त्यातला ६ धुळीसाठी आणि ५ पाण्याच्या फवाऱ्यासाठी. पण हे दिव्याच्या पेटीबद्दल झालं. त्यातून निघणारी हातभर वायर भिंतीतल्या उघड्या भोकात नेऊन पिळून टेप मारली तर त्या ६५ ला काही अर्थ राहात नाही. शिवाय वायर वरून खाली उतरत बॉक्समध्ये शिरत असेल तर पाणी तिच्यावरून घरंगळत आत जातं. वायरला बॉक्सच्या खाली एक झोळ द्यावा, पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, आणि बॉक्समध्ये शिरताना ती खालूनच, ग्लँडमधून, म्हणजे वायरभोवती घट्ट आवळणाऱ्या बुचातून, शिरावी. वरून एकही भोक नको.

तिसरी जागा जमिनीत बसवायचे दिवे. काळ्या मातीत हे बसवूच नयेत, असं स्पष्ट मत आहे. पाणी मुरत नाही, दिवा आठवडाभर डबक्यात राहतो. हौस असेलच तर आयपी ६७ चा दिवा घ्या, खाली फूटभर खडी भरा आणि त्या खडीतलं पाणी बाहेर काढायला पाइप द्या. त्यापेक्षा गुडघाभर उंचीचा खांबदिवा स्वस्त पडतो आणि टिकतो.

गोठ्याचं वेगळं सांगायला हवं. शेणमुताच्या अमोनियानं पितळी टर्मिनल आणि तांबं लवकर खातं, तेव्हा गोठ्यात बंद तोंडाची पॉलिकार्बोनेटची फिटिंग घ्यावी आणि जोड गोठ्याच्या बाहेरच्या भिंतीवर ठेवावेत. माणसाला नुसती चुणचुण लागेल अशा गळतीनं बैल किंवा म्हैस आडवी होऊ शकते, कारण तिचे चारही पाय ओल्या जमिनीवर आणि पुढच्या-मागच्या पायांतलं अंतर मोठं. दिव्याच्या लोखंडी खांबाला जनावर बांधायचं नाही, अर्थिंग कितीही चांगलं असलं तरी.

दुरुस्ती

पुरलेला जोड पुन्हा चांगला टेप लावून पुरू नका. पीव्हीसी टेप पाणी थोपवत नाही. त्या जागी केबल वर काढा, जमिनीपासून दीड फूट उंच भिंतीवर किंवा छोट्या खांबावर बॉक्स बसवा आणि जोड त्यात स्क्रूच्या टर्मिनलवर करा. हिरवं पडलेलं तांबं पुन्हा वापरू नका. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर मागे कापत जा, कधी वीतभर जाते. अगदीच नाइलाज असेल तर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी वापरा, किंवा आधी स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप दुप्पट ताणून गुंडाळा आणि तिच्यावर पीव्हीसी टेप.

लाइन जुनी आणि साध्या घरगुती वायरची असेल, आणि दोन-तीन ठिकाणी असे जोड निघाले, तर ठिगळं लावण्यात पैसे घालवू नका. भिंतीतल्या पाइपासाठी असलेली आयएस ६९४ या भारतीय मानकाची सुटी वायर जमिनीत टाकायची नसतेच. तिथे आर्मर्ड केबल लागते, आयएस १५५४ ची, पत्र्याच्या किंवा तारेच्या कवचाची.

नवी लाइन टाकताना हिशोब

४० बाय ६० फुटांचा प्लॉट, पाच दिवे, २५ मीटर चर असं धरू. केबल ३ कोअर, २.५ स्क्वेअर मिलीमीटर तांब्याची. तिसरी कोअर अर्थची. चर अडीच फूट खोल, एक फूट रुंद. तळाशी तीन इंच वाळू, केबल, वर तीन इंच वाळू, त्यावर लांबीत एकेक वीट, आणि उरलेला चर मुरमानं भरायचा. खणून काढलेली काळी माती परत टाकायची नाही. सगळी मेख तिथेच आहे. वाळू ४० घनफूट, विटा ११०, मुरूम दीड ते पावणेदोन ब्रास. गाडी जाते तिथे केबल जाड एचडीपीई किंवा जीआय पाइपातून न्या.

केबल किती? चर २५ मीटर म्हणून २५ मीटर आणणारे पुष्कळ. प्रत्येक बॉक्सला केबल अडीच फूट खोलीतून वर येऊन दीड फूट चढते, म्हणजे चार फूट वर आणि तेवढीच परत खाली. चार बॉक्सना हे दोनदा, शेवटच्याला एकदा, डीबीपाशी तीन मीटर, आणि चरात केबल ताठ न टाकता नागमोडी टाकायची तिला मीटर-सव्वा मीटर. एकूण ४० मीटर. कमी आणली की शेवटी पाच-सात मीटरचा तुकडा जोडला जातो, तो जोड मातीत जातो, आणि दोन वर्षांनी हाच लेख पुन्हा वाचायची वेळ येते.

केबल प्रत्येक बॉक्समध्ये शिरून तिथूनच पुढे निघते. मधूनच फांदी फोडायची नाही. ग्लँड केबलच्या बाहेरच्या व्यासाचे, पाच बॉक्सना नऊ आणि डीबीला एक. आर्मरही अर्थला जोडलेलं हवं.

केबल जाड घेतली म्हणून दिवे जास्त टिकत नाहीत. ६० वॅटच्या एकूण लोडला ७० मीटरवर १.५ स्क्वेअर मिलीमीटर वायरमध्येही अर्धा व्होल्टच पडतो. जाडी घ्यायची ती मातीचा ताण सोसायला. १२ व्होल्टच्या बागेतल्या दिव्यांचं उलटं आहे: ३६ वॅट म्हणजे ३ अँपिअर, ३० मीटरवर १.५ च्या वायरमध्ये २.२ व्होल्ट पडतात आणि शेवटचे दिवे मलूल होतात. तिथे २४ व्होल्टचा सेट घ्या, तोच तुकडा १.१ व्होल्टवर येतो. पुरवठा देणारा डबा घरात ठेवा, झाडाखाली नव्हे.

अर्थिंगसाठी ३८ मिलीमीटरचा अडीच मीटर जीआय पाइप. काळी माती उन्हाळ्यात या पाइपापासूनही सुटते, तेव्हा मार्च ते मे आठवड्यातून एकदा त्यात दोन बादल्या पाणी ओता आणि वरचा नटबोल्ट गंजलाय का ते बघा.

आरसीसीबी पडत नाही, पण दिवे मरतात

हा वेगळा आजार. डीपीवर न्यूट्रल ढिला असेल किंवा रात्री शेतीपंपांचा लोड एकदम उतरत असेल तर घरात व्होल्टेज चढतं. संध्याकाळी ७, रात्री ११ आणि पहाटे ५ ला असं चार-पाच दिवस मोजा. २७० च्या वर जात असेल तर डीबीत जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारं यंत्र बसवा आणि न्यूट्रलची तक्रार लेखी द्या. मेच्या वळवात विजा पडतात त्या काळात दिवे जात असतील तर टाइप २ एसपीडी, म्हणजे विजेचा झटका जमिनीत वळवणारं यंत्र, हवा. अर्थिंग नसेल तर तो शोभेचा.

पत्र्याला चिकटवलेला फ्लडलाइट दिवसभर बंद असूनही भाजत असतो. ड्रायव्हरमधला कपॅसिटर दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मं आयुष्य गमावतो. पत्र्यापासून फूटभर खाली, उत्तर किंवा पूर्व भिंतीवर लावा.

बटण बंद असताना दिवा मंद तेवत असेल तर बटण बहुधा न्यूट्रलमध्ये आहे, म्हणजे होल्डरमध्ये फेज कायम आहे. दिवा बदलायला चढण्याआधी ते दुरुस्त करा. संध्याकाळी आपोआप लागणारा दिवा लुकलुकत असेल तर सेन्सरवर त्याचाच उजेड पडतोय, सेन्सर वळवा.

किती उजेड आणि कुठे

गेटवर ५० वॅटचा एकच पांढराशुभ्र झोत लावण्याची पद्धत आहे. डोळे दिपतात आणि रांजण, लाकडं, गोठ्याचा कोपरा यांच्यामागे गडद सावली पडते. गेट ९ वॅट, ओसरी ९, बाजूची वाट ५, परस १०, बोअर १०, एवढ्यात घर नीट उजळतं. दाराशी २७०० ते ३००० केल्विनचा पिवळा दिवा लावा. ६५०० च्या पांढऱ्यावर पहिल्या पावसानंतर पाखरांची झुंबड उडते, पाखरांमागे पाली आणि बेडूक येतात, आणि त्यांच्या वासावर साप. मण्यार रात्रीच फिरते. पांढरा दिवा लावायचाच असेल तर दारापासून १५-२० फूट लांब लावा. उजेडानं साप पळत नाही. पाय कुठे पडतोय ते दिसावं एवढ्यासाठी तो हवा, तेव्हा झोत खाली, वाटेवर.

दुरुस्ती झाली की पावसाची वाट बघू नका. चराच्या वाटेवर आणि प्रत्येक बॉक्सवर पाइपनं अर्धा तास पाणी मारा, रात्र जाऊ द्या, सकाळी पुन्हा मेगर लावा. १ मेगओहमच्या वर राहिला तरच डीबीत वायर परत बसवा, मग आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. ती पडली नाही तर आधी तीच बदला.